डेडलाइनला घर गहाण टाकून कप येत नाही

फेब्रुवारी सरत आला की टोरोंटोच्या आसपास राहणाऱ्या आम्हा मराठी आइस हॉकीवेड्यांमध्ये एक मजकूर दरवर्षी फिरतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मुद्दे तेच. ट्रेड डेडलाइनला, म्हणजे एनएचएल लीगमध्ये खेळाडूंच्या अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी, जो संघ सगळं पणाला लावतो, स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, त्याचाच. भाड्याचा खेळाडू, म्हणजे ज्याचा करार त्याच उन्हाळ्यात संपतो असा, आणण्यात तोटा काहीच नाही, उन्हाळ्यात गेला तर गेला. पहिल्या फेरीचा ड्राफ्ट पिक, म्हणजे नव्या तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली संघाची पाळी, हे तर लॉटरीचं तिकीट, त्याला कवटाळून काय बसायचं? आणि शेवटी पुरावा: फ्लोरिडाने बोस्टनचा कर्णधार मार्शँड आणला, कप नेला. तेव्हा टोरोंटोच्या लीफ्सनी यंदा तरी हात सैल सोडावा.

१९६७ नंतर कप न पाहिलेल्या शहरातली ही तळमळ मला परकी नाही. १८ मे २०२५ च्या रात्री, प्लेऑफमध्ये, म्हणजे कपसाठीच्या बाद फेऱ्यांत, फ्लोरिडाविरुद्धच्या मालिकेच्या सातव्या, निर्णायक सामन्यात, आम्ही सगळे घरी टीव्हीसमोर होतो. दुसऱ्या सत्रात सेथ जोन्सने गोल केला, पाठोपाठ आणखी दोन झाले, आणि माझ्या लेकीने एक शब्द न बोलता अंगातली निळी जर्सी काढली, नीट घडी घातली आणि सोफ्याच्या पाठीवर ठेवली. सामना ६-१ असा गेला. जोन्सला फ्लोरिडाने त्याच मार्चमध्ये आणलं होतं. ब्रॅड मार्शँडलाही त्याच मार्चमध्ये. म्हणून त्या मजकुरातला शेवटचा मुद्दा मी आधी घेतो. मनाला तोच सगळ्यात जास्त लागतो.

मार्शँड ७ मार्च २०२५ ला, डेडलाइनच्याच दिवशी, बोस्टनहून फ्लोरिडाला गेला. वय ३६, दुखापतीमुळे बाहेर बसलेला, करार उन्हाळ्यात संपणारा. फ्लोरिडाने दिला दुसऱ्या फेरीचा एक पिक. तो पहिल्या फेरीचा होणार होता, पण कधी? संघ प्लेऑफच्या दोन फेऱ्या जिंकला आणि मार्शँड त्यातले निदान निम्मे सामने खेळला तरच. म्हणजे फळ हातात पडलं तरच वाढीव दाम. याला सगळं पणाला लावणं म्हणत नाहीत. हा सावध माणसाचा सौदा आहे. पुढे त्याने अंतिम मालिकेत एडमंटनविरुद्ध सहा गोल केले हे खरंच, आणि त्याच्या खेळाला मी मनापासून दाद देतो. पण त्या गोलांमुळे दिलेली किंमत मागे जाऊन मोठी होत नाही.

जोन्सचा सौदा महाग होता हे मान्य. गोलरक्षक स्पेन्सर नाइट आणि पहिल्या फेरीचा पिक शिकागोला गेला. पण जोन्सच्या करारात त्यानंतरही पाच मोसम शिल्लक होते. तो भाड्याचा नव्हताच.

आणि बाकीचा संघ कुठून आला? बार्कोव्ह आणि एकब्लाड ड्राफ्टमधून. फोर्सलिंगला कॅरोलायनाने सोडून दिलं तेव्हा जानेवारी २०२१ मध्ये उचललं, बदल्यात काहीही न देता. राइनहार्ट २०२१ च्या उन्हाळ्यात, मॅथ्यू कचक २०२२ च्या उन्हाळ्यात. प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ करंडक घेणारा सॅम बेनेट मात्र खरोखर डेडलाइनचा माल: एप्रिल २०२१, कॅल्गरीकडून, दुसऱ्या फेरीचा पिक आणि एक होतकरू पोरगा देऊन. त्या मोसमात कॅल्गरीसाठी त्याने ३८ सामन्यांत चार गोल केले होते. तो २४ वर्षांचा होता, करार संपल्यावरही त्याचे हक्क संघाकडे राहणार होते, आणि करंडक त्याच्या हातात चार वर्षांनी आला. फ्लोरिडाकडून शिकायचंच असेल तर या सौद्याकडून शिका. मजकुरात त्याचा उल्लेखही नसतो.

आता ‘जो सगळं लावतो तोच जिंकतो’ हा मूळ दावा. २०१८ साली व्हेगसने टॉमस टाटारसाठी पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीचे मिळून तीन पिक मोजले. वॉशिंग्टनने मिखाल केम्पनी नावाचा बचावपटू तिसऱ्या फेरीच्या पिकवर आणला. तेव्हा फार कुणी त्याची दखलही घेतली नाही. दोन्ही संघ अंतिम मालिकेत समोरासमोर आले. टाटार व्हेगसच्या २० प्लेऑफ सामन्यांपैकी आठच खेळला. केम्पनी जॉन कार्लसनच्या जोडीला पहिल्या फळीत उभा राहिला आणि वॉशिंग्टनने इतिहासातला पहिला कप उचलला. वॉशिंग्टनला त्या जागी शांत डोक्याचा डावखुरा बचावपटू हवा होता, आणि त्यांनी तेवढाच घेतला.

पुढच्याच वर्षी सेंट लुईस. जानेवारी २०१९ च्या सुरुवातीला हा संघ गुणतक्त्यात सगळ्यात तळाशी होता. डेडलाइनला त्यांनी आणला मायकेल डेल झोटो, सहाव्या फेरीच्या पिकवर. जूनमध्ये कप त्यांच्याकडे.

मला सगळ्यात जास्त बोलकं वाटतं ते २०२३. बोस्टनने ऑर्लोव्ह, हॅथवे आणि बर्टुझी यांच्यासाठी पहिल्या फेरीचे दोन पिक आणि वर बरंच काही दिलं. मोसमात १३५ गुण झाले, लीगचा विक्रम. पहिल्याच फेरीत, मालिकेत ३-१ अशी आघाडी असताना, ते हरले. कोणाकडून? डेडलाइनला जवळजवळ हात बांधून बसलेल्या, कसाबसा प्लेऑफमध्ये शिरलेल्या फ्लोरिडाकडून. उन्हाळ्यात ऑर्लोव्ह, हॅथवे, बर्टुझी तिघेही दुसरीकडे गेले. दोन वर्षांत बोस्टन प्लेऑफबाहेर होतं, आणि आपल्या कर्णधाराला, म्हणजे याच मार्शँडला, विकत होतं.

उलट बाजूचे दाखले आहेत आणि ते लपवायचं कारण नाही. १९८० च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क आयलँडर्सनी बुच गोरिंगला आणलं आणि सलग चार कप जिंकले. टँपाने २०२० मध्ये ब्लेक कोलमन आणि बार्कले गुड्रो यांच्यावर पहिल्या फेरीचे दोन पिक खर्च केले तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं होतं. ते दोघे सलग दोन कपांत होते. पण दोघांच्याही करारात आणखी एक वर्ष बाकी होतं, पगार अगदी कमी होते, आणि पॉइंट, कुचेरोव्ह, हेडमन, वासिलेव्हस्की हे बिनीचे खेळाडू संघात आधीपासून होते. तिसऱ्या फळीतली एक जागा भरायची होती. भिंत उभी असेल तर गिलाव्याचा उपयोग.

भाड्याच्या खेळाडूचं गणित लीफ्सच्याच वहीतून मांडतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी दहा दिवसांत दोन मोठे सौदे केले. पहिला रायन ओरायलीचा. ७५ लाख डॉलरचा पगार; निम्मा सेंट लुईसने स्वतःकडे ठेवला, पाव भाग सौद्यातल्या तिसऱ्या संघाने, मिनेसोटाने, त्यामुळे टोरोंटोच्या सॅलरी कॅपवर, म्हणजे संघाच्या एकूण पगाराला असलेल्या मर्यादेत, पडले जेमतेम १९ लाख. कागदावर किती सुंदर! पण नोएल आक्यारीसह त्याच्यासाठी पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीचे पिक गेले. मार्चच्या सुरुवातीलाच त्याचं बोट मोडलं. प्लेऑफमध्ये तो चांगला खेळला, टँपात तिसऱ्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला बरोबरी साधणारा गोल त्याचाच, आणि १९ वर्षांनी लीफ्स एक फेरी जिंकले. मग फ्लोरिडाने पाच सामन्यांत घरी पाठवलं, आणि जुलैत ओरायली नॅशव्हिलला गेला.

दुसरा सौदा जेक मॅककेबचा. इथेही पहिल्या फेरीचा पिक गेला, दुसऱ्याही फेरीचा गेला. पण निम्मा पगार शिकागोकडे राहिला आणि करार त्या मोसमानंतर आणखी दोन वर्षांचा होता. म्हणजे वर्षाला २० लाखांत तीन प्लेऑफ, आणि पुढे नवा करारही झाला. एकाच संघाने, एकाच महिन्यात, साधारण त्याच तऱ्हेचं मोल देऊन एकदा तीन-चार महिने विकत घेतले आणि एकदा अडीच वर्षं. ‘तोटा काहीच नाही’ म्हणणाऱ्यांनी हे दोन सौदे शेजारी ठेवून बघावेत. निक फोलिनोचं तर आठवूनही वाईट वाटतं: २०२१, पहिल्या फेरीचा पिक आणि वर आणखी काही, दुखापत, लीफ्ससाठी एकही गोल नाही, माँट्रियालविरुद्ध ३-१ वरून हार, आणि उन्हाळ्यात तो बोस्टनला.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या आपल्या लोकांची इथे एक गल्लत होते असं मला वाटतं. तिथे पर्समधले पैसे जातात, पुढच्या लिलावाला पर्स पुन्हा भरते. इथे जे जातं ते पुढच्या वर्षांतलं माणूस असतं.

म्हणूनच लॉटरीच्या तिकिटाबद्दल. तिकीट आहे, मान्य. फोलिनोसाठी दिलेला पिक पंचविसावा ठरला आणि कोलंबसने त्यावर घेतलेल्या बचावपटूने काही जग जिंकलेलं नाही. पण त्याच ड्राफ्टमध्ये दोन जागा वर काय झालं ते पाहा. वॉशिंग्टनने त्याच डेडलाइनला अँथनी मँथासाठी आपला पहिल्या फेरीचा पिक डेट्रॉइटला दिला. डेट्रॉइटने तो डॅलसला दिला. डॅलसने त्या तेविसाव्या क्रमांकावर वायट जॉन्स्टनला घेतलं. वयाच्या विसाव्या वर्षी त्याने ३२ गोल केले, पुढच्या मोसमात ३३. मँथाला आणणारं वॉशिंग्टन त्या वर्षी पहिल्याच फेरीत बाद झालं होतं.

सॅलरी कॅपच्या जमान्यात या तिकिटाची खरी किंमत पगारात आहे. नव्या खेळाडूचा पहिला करार तीन वर्षं ठरावीक मर्यादेत राहतो. मॅथ्यूज, नीलँडर यांच्यासारखे मोठे पगार भरणाऱ्या संघाला दहा लाखांच्या आत चांगला विंगर मिळणं हाच श्वास घ्यायला मोकळा कोपरा. तो ड्राफ्टशिवाय दुसरीकडून फार क्वचित मिळतो. आणि लीफ्सनी २०२५, २०२६ आणि २०२७ या तिन्ही वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक मॅककेब, ब्रँडन कार्लो आणि स्कॉट लॉटन यांच्या सौद्यांत दिले. कार्लोसोबत २० वर्षांचा सेंटर फ्रेझर मिंटनही बोस्टनला गेला.

२०२१ च्या ड्राफ्टला लीफ्सकडे सगळे मिळून तीन पिक उरले होते, बाकीचे असेच वाटले गेले होते. त्यातला सगळ्यात वरचा सत्तावन्नावा. त्यावर त्यांनी ॲरिझोनातून आलेल्या एका धिप्पाड मुलाला घेतलं. २०२४-२५ मध्ये त्याने २९ गोल केले. त्याचं नाव मॅथ्यू नाइज, नंबर २३. त्या रात्री सोफ्याच्या पाठीवर घडी घालून ठेवलेली जर्सी त्याचीच होती. दोन दिवसांनी शाळेला जाताना लेकीने ती पुन्हा दप्तरात भरली.