शेजार न दिसण्याचा सोपा मार्ग

कोल्हापुरात सुखानं राहायचं असेल तर फ्लॅट नागाळा पार्कात घ्या. दसरा चौकाजवळचा सुतारवाडा तिथून चालत जाण्याइतका जवळ आहे, म्हणूनच तिकडं चालत जाऊ नका. चालायला रंकाळा आहे. गाडीनं जावं, फेरी मारावी, गाडीनं परत यावं. वाटेतल्या गल्ल्या काचा वर असल्या की फारसा त्रास देत नाहीत.

घरकामाला मावशी लागतील. त्या सुतारवाड्यातूनच येतात, पण तुम्ही पत्ता विचारू नका. चहा मात्र द्या, माणुसकीत आपण कोल्हापूरकर कुणाला ऐकत नाही. फक्त त्यांचा कप वेगळा ठेवा. स्टीलचा, पोचा आलेला, खिडकीच्या कट्ट्यावर उपडा. विसळून तिथंच ठेवायची सवय त्यांना पहिल्या आठवड्यात लागते, आपल्याला तोंडानं काही बोलावं लागत नाही.

२६ जूनला सोसायटीत शाहू महाराजांच्या फोटोला हार घाला. भाषण अंगावर आलं तर अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात महाराज स्वतः चहा घ्यायचे, ती गोष्ट सांगा. टाळ्या हमखास. १९०२ चा ५० टक्के आरक्षणाचा जाहीरनामा तेवढा टाळा, त्यावरून सोसायटीत भांडणं लागतात. नंतरचा चहा कागदी कपातून द्यावा, म्हणजे कुणाचा कप कुठला हा प्रश्नच मिटला. (सेक्रेटरींच्या मते समता ती हीच.)

खरी कसोटी पावसाळ्यात. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ म्हणजे धोका, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ असतं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, हे ग्रुपवर सगळ्यांच्या आधी टाका. तेही धरण महाराजांचंच, म्हणजे अभिमानही उरकतो. संध्याकाळी सहकुटुंब पंचगंगेवर पाणी बघायला जा, येताना कणीस खा. दसरा चौकातून परतताना गाठोडी, गॅसची टाकी आणि पोरं घेऊन चित्रदुर्ग मठाकडं निघालेली माणसं दिसतील. तेव्हा सिग्नलकडं बघावं.

मावशींचा फोन येईल. ‘वैनी, पाणी दारात आलंय, मठात चाललोय. चार दिस जमायचं न्हाई.’ ‘दरवर्षीचंच आहे तुमचं,’ एवढं म्हणून फोन ठेवा. ‘पाण्याच्या तोंडाला राहताच कशाला?’ हे मात्र चुकूनही विचारू नका. त्यांनी उलट आपल्या इमारतीची पूररेषा विचारली तर पंचाईत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, पार्किंगमधल्या चारचाक्या बुडाल्या. तो महापूर. त्याच्या खालचं सगळं नुसतं पाणी. हा फरक नीट समजून घ्या, कारण महापुरात सरकारनं काय केलं असं विचारायचं असतं, पंचनाम्याला स्वतः हजर राहायचं असतं आणि मुलाखत द्यायची असते. नुसत्या पाण्यात लोकांनी जरा स्वतःची सोय बघावी.

पाणी उतरलं की मावशींना लगेच निरोप धाडा. आपल्या पार्किंगमधला गाळ वाळला तर निघता निघत नाही. त्यांच्या घरातला गाळ त्या रात्री काढतीलच, आणि कपाचं म्हणाल तर तो कट्ट्यावरच आहे, सापडेल त्यांचा त्यांना.