गोन्सालो गार्सियाला व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं

आमच्या वसईत मिशनरी व्हायला निघालेल्या पोराची एक कायमची पंचाईत आहे. गावाने संत आधीच होऊन दाखवलाय. गोन्सालो गार्सिया आमच्या वसईचा. पंधराव्या वर्षी जेज्विट धर्मगुरूंबरोबर जपानला गेला, तिथे व्यापारात जम बसवला, मग मनिलात फ्रान्सिस्कन संघाचा ब्रदर (व्रत घेतलेला, पण फादर नसलेला) झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर गेला. १८६२ साली तो संत झाला. वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे. माझ्या आजीकडे त्याच्या नावाची एक फूटपट्टी आहे, आणि ती घरातल्या प्रत्येक ब्रदरला लावली जाते. सध्या घरात ब्रदर मी एकटाच.

यंदा नाताळाला घरी यायला जमणार नाही, असं मी फोनवर सांगितलं तेव्हा गळा किंचित दाटून आला होता. आजीने शांतपणे विचारलं, "तू कुठे आहेस म्हणालास?"

"नंदुरबार जिल्ह्यात."

"तो जपानला होता."

विषय संपला. वसई रोडला गाडीत बसायचं, सुरतेवरून नंदुरबारला उतरायचं, पुढे एसटी आणि शेवटी जीपच्या टपावर जागा मिळाली तर टप. एवढ्या प्रवासावर हुतात्मा होता येत नाही, हे मलाही कळतं.

पण मग नाताळाला का नाही जायचं? कारण सोपं आहे. इथल्या वसतिगृहातली मुलं मराठी शाळेत जातात. शाळेला मोठी सुट्टी दिवाळीची, नाताळचा एकच दिवस. पोरं इथेच, म्हणजे ब्रदरही इथेच. शिवाय आमच्या धंद्यात सण म्हणजे हंगाम. गणेशचतुर्थीला गुरुजी जसे स्वतःच्या घरचा गणपती सोडून गावभर प्राणप्रतिष्ठा करत फिरतात आणि मोदक लोकांकडे खातात, तसंच आमचं. हे सेमिनरीत प्रवेश घेताना कोणी सांगत नाही. सांगितलं तर निम्मे जण करंजीवर नजर ठेवून परत जातील.

माझा दिवस पहाटे पाचच्या घंटेने सुरू होतो, आणि ती घंटा मीच वाजवतो. डिसेंबरात सातपुड्याच्या पायथ्याशी थंडी अशी की आमच्या समुद्रकाठच्या हाडांना ती परकी वाटते. पोरं मात्र हापशावर उघडी उभी. पहाटे हापशाचं पाणी कोमट असतं, हे मला इथल्या पावरा आदिवासी पोरांनी शिकवलं. ऊन वर आलं की ते पाणी गार लागतं आणि ब्रदर आंघोळ उद्यावर ढकलतो.

मग चपला. सगळ्या पोरांच्या चपला निळ्या, एकाच आठवडी बाजारातल्या आणि रात्रीत एकमेकींत मिसळणाऱ्या. सकाळी एकाच्या पायात दोन डाव्या, दुसरा अनवाणी, तिसऱ्याकडे तीन. यावर उपाय म्हणून थोरल्या पोरांनी तापलेल्या तारेने चपलांवर अक्षरं कोरली. अक्षर एकच असलेली पोरं किती आहेत याचा विचार कोणी केला नव्हता. प्रार्थनेच्या आधी मी रोज न्यायनिवाडा करतो. शलमोन राजासमोर एकाच मुलावर हक्क सांगणाऱ्या दोन बायका होत्या; मूल अर्धं करू म्हणताच खरी आई मागे हटली. माझ्यासमोर तीन पोरं आणि एक चप्पल असते, आणि अर्धी करू म्हटलं तर तिघंही "चालेल" म्हणतात.

रात्री खरूज. थंडीत एकाला झाली की पांघरुणं बदलत ती सगळ्या खोलीत फिरते. म्हणून जेवणानंतर पोरांना रांगेत उभं करायचं आणि मानेपासून तळव्यापर्यंत बेंझिल बेंझोएट लावायचं. त्याचा वास एकदा हाताला बसला की भात खाताना, जप करताना, झोपेत, सगळीकडे तोच. गुदगुल्या होणारा पोरगा वळवळतो, मागचा हसतो, बाटली लवंडते, आणि बोटांच्या बेचक्यात लावायचं राहिलं की पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिल्यापासून. धर्मप्रसारावर मी बरंच वाचलंय. खरुजेवर कुठेही प्रकरण नाही. वसईहून काका विचारतात, "काय रे, लोकांना दिवसभर काय सांगतोस?" मी दिवसभर सांगतो ते असं : नखं काप, डब्बल भात घेतलास तर संपव, त्याची पाटी त्याला दे.

हे सगळं सहन होतं. सहन होत नाही तो फोन.

३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचा सण. फादरांनी प्रवचनात सांगितलं की झेवियर आपल्या सोबत्यांच्या पत्रांतल्या सह्या कापून छातीशी बाळगायचा, इतकी त्याला त्यांची आठवण. मी मान डोलावत होतो आणि खिशात फोन थरथरत होता. घरच्या ग्रुपवर आत्याने नाताळची तयारी सुरू केल्याचे फोटो टाकले होते.

नीट पाहिलं तर जुने मिशनरी सुखी होते, असं माझं ठाम मत झालंय. मराठीत ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' लिहिणारा फादर थॉमस स्टीफन्सच घ्या. ४ एप्रिल १५७९ ला लिस्बनहून निघाला, २४ ऑक्टोबरला गोव्याला पोचला, आणि १० नोव्हेंबरला बापाला एकच लांबलचक पत्र लिहिलं. वारा, समुद्र, मासे, आजारी खलाशी, सगळं त्यात. ते पत्र इंग्लंडला पोचायला कित्येक महिने. तोवर इकडे माणूस कोकणी-मराठी शिकायला मोकळा. त्याचा बाप रोज दुपारी व्हिडिओ कॉल करून "जेवलास का, काय जेवलास, भाजीत मीठ होतं का" विचारत असता, तर या माणसाच्या हातून मराठीत एक ओवी झाली नसती.

माझी आई व्हिडिओ कॉल करते तो बरोबर करंज्या तळताना. फोन ओट्यावर टेकवलेला असतो, त्यामुळे मला आईचं कोपर, भिंतीवरची खुंटी आणि कढई दिसते.

"आई, तू दिसत नाहीस."

"मला काय बघायचंय? करंज्या बघ. या वर्षी पारी किती पातळ झालीय बघ."

मग कॅमेरा कढईवर. तेलात करंजी उलटते, फुगते, कडेला बुडबुडे. माझ्या पुढ्यात भात आणि पातळ तुरीची डाळ. पाठोपाठ आत्याची व्हॉइस नोट, तिच्यात इंद्यालाच्या, म्हणजे आमच्या नाताळच्या मटणाच्या रश्श्याच्या, मसाल्याचं सगळं वर्णन आणि शेवटी, "तुला सांगत नव्हते, उगाच आठवण येईल." मोठ्या भावाने सांदणांचा फोटो टाकून खाली लिहिलं, 'मिस यू ब्रो'. सांदणं चार होती. फोटो काढेपर्यंत एक खाल्लेलं दिसत होतं.

नाही म्हणायला घरून एक पार्सल आलं. त्यात लोकरीची टोपी, अंगाला लावायचं तेल आणि आगाशीची सुकेळी. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, ती. पोरांनी ती आधी संशयाने पाहिली, मग हुंगली. मग मी टोपी घालून पाहीपर्यंत डबा रिकामा होता. बाकी टोपीवर कोणी हक्क सांगितला नाही.

आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे तयारीचे आठवडे, संपत आला तसं मी येशूजन्माच्या देखाव्याचं, गोठ्याचं, मनावर घेतलं. आमच्याकडे नाताळच्या आठ-दहा दिवस आधी नाचणी पेरतात. तिचे हिरवे कोंब गव्हाणीभोवती गवत म्हणून लावायचे. इथे एका सुपात माती घालून मी नाचणी पेरली. छान बोटभर उगवली. मग स्वयंपाकघरामागचा कोंबडा आला आणि बेथलेहेमचं कुरण चरून गेला. दुसऱ्यांदा पेरायला वेळ नव्हता, म्हणून गोठ्याचं काम पोरांवर सोपवलं.

त्यांनी केलेलं बेथलेहेम असं : मागे चिखलाचा सातपुडा. कुडाचं घर, त्याला खरोखरीचं शेण सारवलेलं. मेंढपाळांच्या हातात तीरकामठे, "राजाचे शिपाई आले तर?" म्हणून. तिन्ही ज्ञानी राजे जीपमधून आलेले, त्यातला एक टपावर. आणि पुढे चकाकत्या कागदाची मोठी नर्मदा, तिच्यात खोक्याची एक बोट, बोटीवर लाल क्रॉस.

मी विचारलं, "हे काय?"

बोट करणारा पोरगा अक्राणी तालुक्याकडचा, सरदार सरोवराच्या फुगवट्याकाठच्या गावातला. तिथे रस्ता नाही, दवाखाना बोटीतून येतो. तो माझ्याकडे पाहत म्हणाला, "बाई बाळंत होणार आहे ना, ब्रदर? मग दवाखाना नको?"

बोट राहिली. मिस्सेला येणाऱ्या गावकऱ्यांनी येशूबाळापेक्षा ती बोटच जास्त वेळ पाहिली, आणि एका म्हातारीने तिची दिशा बदलून ती घराच्या अगदी दाराशी लावली.

चोवीसच्या रात्री मिस्सा झाल्यावर अंगणात ढोल सुरू झाला आणि नेमका तेव्हाच घरचा फोन. सगळे जमलेले, आई चक्क कॅमेऱ्यासमोर, डोळे पुसायच्या तयारीत. मीही तयारीत होतो. पण पोरांनी फोन हातातून घेतला. आजी त्यांना दिसली, ती आजीला दिसली, आणि पुढचा सगळा वेळ समुद्र केवढा असतो, त्यात मगर असते का, आणि ती गोड काळी केळी अजून आहेत का, यावर चर्चा झाली. माझं नाव एकदाच निघालं. "तो टोपी घालतो का?" असं आजीने विचारलं, पोरं एका सुरात "नाही" म्हणाली.

फोन ठेवण्याआधी आजीने सगळ्या वसतिगृहाला मे महिन्यात वसईचं आमंत्रण दिलं. फादरांनी ते जागच्या जागी मंजूर केलं. तिकिटं, पालकांच्या सह्या आणि राहण्याची सोय ब्रदर बघतील, असंही त्यांनी जाहीर केलं. कालपासून परवानगीचे अर्ज भरून येतायत. 'सहलीचे प्रयोजन' या रकान्यात पहिल्या पोराने लिहिलंय : केळी. बाकीच्यांनी त्याचं बघून.