बेल, चष्मा आणि हातभर अंतर

बाबा पडले ते चष्म्यासाठी. ऑपरेशन व्यवस्थित झालं होतं, रिपोर्ट चांगले होते, दोन दिवसांत घरी सोडणार होते. पहाटे त्यांना बाथरूमला जायचं होतं. चष्मा लॉकरवर होता, आणि लॉकर कॉटच्या डोक्यामागे सरकवलेलं, कारण रात्री एक्स-रेचं मशीन आत घ्यायचं होतं. बेल होती, पण तिची वायर सलाईनच्या स्टँडला गुंडाळून वर अडकवलेली. मी शेजारच्या खुर्चीत गाढ झोपलेला. हाड मोडलं नाही. कपाळाला चार टाके पडले आणि मुक्काम वाढला.

कुणाच्या नावाने खडे फोडायला हे लिहीत नाहीये. मी नंतर हिशेब लावला तेव्हा लक्षात आलं की प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं होतं. टेक्निशियनने मशीनला जागा केली. वॉर्डातल्या सफाईच्या मामांनी फरशी पुसताना वायर वर अडकवली. चष्मा पडून फुटू नये म्हणून तो लॉकरवर आत सरकवून ठेवणारा तर मीच. पेशंटचा हात जिथवर पोचतो तेवढी जागा मात्र कुणाच्याच कामात बसत नव्हती.

माझं म्हणणं एवढंच आहे की ती हातभर जागा औषधाच्या चार्टइतकीच गांभीर्याने घ्यावी. हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. २००६ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ नर्सिंग'मध्ये नर्सेसच्या ठरावीक वेळेच्या फेऱ्यांवरचा एक अभ्यास आला होता. त्या फेरीत दुखतंय का, बाथरूमला जायचंय का, कूस बदलायचीय का हे विचारायचं होतंच. शिवाय बेल, फोन, पाणी, टेबल, दिव्याचं बटण, इतकंच काय कचऱ्याचा डबासुद्धा हाताशी आहे ना हे बघायचं होतं. दर तासाला फेरी झाली तिथे पेशंट पडण्याचं प्रमाण कमी झालं आणि बेलही कमी वाजली. बेल हाताशी असूनही कमी वाजली, हे मला फार आवडलं.

चष्म्याची गोष्ट तर पडण्यापुरती नाहीच. म्हातारी माणसं दवाखान्यात एकाएकी भलतंच बोलू लागतात, दिवस-रात्र विसरतात, नळ्या ओढतात. याला डिलिरियम म्हणतात. १९९९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये सत्तरीच्या पुढच्या ८५२ पेशंटांवरचा अभ्यास छापून आला. त्यात जे केलं ते अगदी साधं होतं: चष्मा आणि श्रवणयंत्र वापरायला देणं, पाणी पाजणं, चालवणं, नीट झोप लागू देणं आणि समोरच्या फळ्यावर आज कोण बघणार, दिवसभरात काय होणार ते लिहिणं. नेहमीच्या वॉर्डात १५ टक्के लोकांना डिलिरियम झाला, या वॉर्डात ९.९ टक्के. ते वाचल्यावर बाबांच्या समोरच्या फळ्याकडे बघितलं. त्यावर आधीच्या पेशंटचं नाव होतं.

मग मी पेटलो. कापडी कप्प्यांची पिशवी आणली, कॉटला बांधली. चष्मा, कवळीची डबी, श्रवणयंत्र, प्रत्येकाला कप्पा. (कवळी कागदात गुंडाळून ताटात ठेवू नका हो, ती ताटाबरोबर कचऱ्यात जाते.) फळा पुसून वार, तारीख, सिस्टरांचं नाव लिहिलं. उत्साहाच्या भरात युरोबॅगही (लघवी जमा होते ती पिशवी) साइड रेलला, म्हणजे कॉटच्या बाजूच्या वर-खाली होणाऱ्या कठड्याला टांगली.

सिस्टर आल्या, बघितलं आणि निम्मं काढून टाकलं. रेल वर केली की युरोबॅग वर जाते आणि लघवी उलटी आत येऊ शकते, म्हणून ती मूत्राशयाच्या खाली, कॉटच्या न हलणाऱ्या दांडीला. जमिनीला टेकायचीही नाही. कप्प्यांची पिशवीही रेलवर नको, तीही स्थिर दांडीला. आणि चारी रेल वर केल्या म्हणजे माणूस सुरक्षित, हाही माझा गैरसमज निघाला. गोंधळलेला म्हातारा रेलवरून उतरायला बघतो आणि जास्त उंचीवरून पडतो.

नळ्यांना मात्र त्यांनी स्वतः मायक्रोपोरच्या (दवाखान्यातली कागदी चिकटपट्टी) पट्ट्या लावल्या, दोन्ही टोकांना, नाव लिहून. सलाईन, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), ऑक्सिजन. नाकातल्या नळीचं दूध चुकून शिरेत गेलं तर जीव जाऊ शकतो. अशी टोकं एकमेकांत बसूच नयेत म्हणून आयएसओ ८०३६९ नावाची अख्खी मानकांची मालिका करावी लागली आहे. नळी जोडायच्या आधी पेशंटच्या अंगापासून बाटलीपर्यंत बोट फिरवत जायचं, ही सिस्टरांची सवय मी रोज बघायचो. "तुम्ही काहीही जोडायचं-काढायचं नाही, फक्त मला हाक मारायची," असं त्यांनी बजावलं, आणि ते बरोबरच होतं.

एक मित्र म्हणाला, हे सगळं नातेवाइकांनी बघावं. आयसीयूत नातेवाईक कुठे असतात? आणि ज्यांचं कुणीच नाही त्यांच्या चष्म्याचं काय? ते ड्यूटी बदलताना ओव्हर देण्यातच, म्हणजे पुढच्या सिस्टरांकडे पेशंट सोपवतानाच यायला हवं. ओव्हर घेणाऱ्याने बेल स्वतः पेशंटच्या हातात द्यावी आणि एकदा वाजवून घ्यावी. याला अर्धं मिनिटही लागत नाही. पिशव्या, डब्या, फळे आणून काही उपयोग नाही, जर मशीन गेल्यावर लॉकर परत जागेवर कोण आणणार हे ठरलेलं नसेल.

घरी सोडलं त्या दिवशी ती पिशवी शेजारच्या कॉटवरच्या काकांना देऊ लागलो. सिस्टरांनी अडवलं. "एका कॉटचं कापड दुसऱ्या कॉटला नाही. घरी न्या, गरम पाण्यात धुवा." मग उरलेली मायक्रोपोरची गुंडाळी पुढे केली.

"तीही नाही," त्या म्हणाल्या.