त्रिशुंड गणपतीचा गेंडा आणि "२००० वर्षांपूर्वीची भविष्यवाणी"

आमच्या फॅमिली ग्रुपवर काल परत तो फॉरवर्ड आला, पुण्यातल्या २००० वर्षं जुन्या देवळात गोरे सोल्जर गेंड्याला साखळीने बांधतायत, म्हणजे आपल्या पूर्वजांना इंग्रज येणार हे आधीच माहीत होतं वगैरे. काका, शिल्प खरंय हो, सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीच्या दर्शनी भिंतीवरच आहे, पण ते देऊळ भीमगीरजी गोसावींनी १७५४ मध्ये बांधायला घेतलं आणि १७७० मध्ये पूर्ण झालं, गाभाऱ्याच्या भिंतीवर संस्कृत आणि फारसी शिलालेख आहेत, आता फारसी शिलालेखवालं देऊळ २००० वर्षांपूर्वीचं कसं असेल तुम्हीच सांगा! प्लासीची लढाई १७५७ ची, म्हणजे काम चालू असतानाच तिकडे बंगालात कंपनी हातपाय पसरत होती. गेंडा म्हणजे बंगाल-आसाम असा अर्थ बरेच जण लावतात, मला तो पटतो, पण तो अर्थच, तसं तिथे कुठे लिहिलेलं नाहीये. म्हणजे भविष्य नाही, त्या काळची ताजी बातमी कोरलीय काळ्या दगडात, आणि मला तर हेच जास्त भारी वाटतं. बाकी मोरावर बसलेला तीन सोंडांचा गणपती बघायला तरी जाऊन याच.