अर्ध्या मिलिमीटरचा सूर्य

मावळत्या सूर्याचे छायाचित्र काढण्याइतकी सोपी गोष्ट नाही, असे मानणाऱ्यांत एके काळी मीही होतो. विषय भलामोठा, दिशा ठरलेली, वेळ मिनिटासकट आधीच ठाऊक. शिवाय तो लहान मुलांप्रमाणे ऐन वेळी भोकाड पसरत नाही की समूहचित्रातल्या काकांप्रमाणे नेमके डोळे मिटत नाही. यांतली एकही गोष्ट धड खरी नाही, हे उमगण्यासाठी मला पाच वर्षे, दोन कॅमेरे आणि एक तिपाई खर्ची घालावी लागली. ती तिपाई सध्या समुद्राच्या मालकीची आहे.

पहिला घोटाळा आकाराचा. डोळ्यांना परातीएवढा दिसलेला सूर्य छायाचित्रात टाचणीच्या टोकाएवढा उमटला, तेव्हा मी कॅमेरा दुरुस्तीला नेण्याच्या बेतात होतो. दोष कॅमेऱ्याचा नव्हता. सूर्यबिंब आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापते आणि क्षितिजाजवळ ते मोठे भासते तो निव्वळ आपल्या मेंदूचा अतिउत्साह असतो; ५० मिलिमीटरच्या लेन्समधून ३६ मिलिमीटर रुंद सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीवर, त्याची प्रतिमा अर्धा मिलिमीटरसुद्धा भरत नाही. ४०० मिलिमीटरची लेन्स लावली की ती पावणेचार मिलिमीटरपर्यंत वाढते, पण मग त्या तोफेसारख्या नळकांड्यातून सूर्य शोधणे हाच स्वतंत्र उद्योग होऊन बसतो. त्यातच ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावून पाहायच्या काचेच्या खिडकीतून, सूर्याकडे थेट पाहू नये, डोळा कायमचा अधू होऊ शकतो. त्यामुळे ज्याचा फोटो काढायचा, त्याच्याकडे न पाहता नेम धरायचा, अशी ही कला आहे.

दुसरा घोटाळा वेळेचा. बिंबाची खालची कड क्षितिजाला टेकल्यापासून वरची कड दिसेनाशी होईपर्यंत विषुववृत्तावर दोन मिनिटांहून थोडाच अधिक अवधी मिळतो. माझ्या लेन्सचे झाकण निघायला त्यातले एक जाते. त्याहून मनाला लागलेली गोष्ट अशी की, वातावरण प्रकाशकिरणांना क्षितिजापाशी सुमारे ३४ कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) वाकवते आणि बिंबाचा व्यास साधारण ३२ कलांचाच असल्यामुळे, क्षितिजावर नुकताच टेकलेला सूर्य प्रत्यक्षात केव्हाच खाली गेलेला असतो. म्हणजे मी आयुष्यात एकदा वेळेवर पोहोचलो होतो, तेव्हाही उशीरच झाला होता.

समुद्रावर निदान आडोसा नसतो. तिथे अडचण क्षितिजाची. माझ्या पहिल्या पन्नास छायाचित्रांत सगळा समुद्र उजवीकडे कलला आहे आणि पाणी अजून सांडलेले कसे नाही, याचे पाहणाऱ्याला नवल वाटते. त्या भव्य पार्श्वभूमीवर घरच्या सहा जणांना उभे केले, तर आकाशाच्या हिशेबाने प्रकाश मोजणाऱ्या कॅमेऱ्याने त्यांची कोळशाची सहा पोती करून ठेवली. चेहरे उजळावेत म्हणून प्रकाशाचे गणित बदलले, तेव्हा माणसे ओळखू आली, परंतु सूर्यास्त पांढराफटक पडला. मग मी तिपाई थोडी पुढे, ओल्या वाळूत रोवली. तिपाईची हकिगत वर आलीच आहे.

डोंगरात मात्र माझी खरी शोभा झाली. सूर्यास्ताची छापील वेळ सपाट क्षितिज गृहीत धरून काढलेली असते, ही बाब मला तिथे पोहोचल्यावर कळली. समोरच्या कड्याला सपाटपणाचे वावडे असल्यामुळे सूर्य पाऊण तास आधीच त्याच्या मागे गेला आणि मी दरीच्या गार सावलीत पश्चिमेकडे तोंड करून, तो चुकून परत वर येईल या आशेने उभा राहिलो. त्या सबंध वेळात माझ्या पाठीमागची शिखरे आधी सोनेरी, मग गुलाबी, मग राखाडी झाली, हे मला तिथल्या दुसऱ्या एका छायाचित्रकाराने नंतर अत्यंत सौजन्याने सांगितले. तो सुरुवातीपासून पूर्वेकडे तोंड करून बसला होता आणि मी त्याला मनातल्या मनात मूर्ख ठरवून मोकळा झालो होतो.

वाळवंटात वाळू लेन्सच्या कड्यात शिरते आणि झूम फिरवताना दाताखाली खडा यावा तसा आवाज येतो. तेवढे सोडले तर तिरप्या उन्हात टेकड्यांवर पडणाऱ्या लाटांसारख्या सावल्या इतक्या सुंदर असतात की, त्यांवरून स्वतःच चालत जाऊन पावले उमटवण्याचे काम मी दर वेळी चोख पार पाडतो. जंगलाविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. तिथे सूर्यास्त होत नाही, नुसताच अंधार होतो.

एकदा सगळे जमून आले होते: निश्चल तलाव, स्वच्छ क्षितिज, पेटल्यासारखे केशरी आकाश. छायाचित्र आले ते दुपारच्यासारखे फिकट. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल सांभाळणारी सोय, ऑटोवर राहिला होता, आणि एवढा केशरी रंग म्हणजे काहीतरी बिघाड असणार, असे समजून कॅमेऱ्याने तो इमानेइतबारे सुधारून दिला होता. केशरी छटा टिकवायला ढगाळ हवामानाचे चिन्ह निवडायचे असते हे आठवेपर्यंत सूर्य गेला. मी सामान आवरून गाडीत बसलो, आणि वीस मिनिटांनी आरशात पाहतो तो मागच्या उंच ढगांना खालून आग लागली होती. क्षितिजाखाली गेलेला सूर्य ढगांची तळी उजळतो आणि बऱ्याचदा खरा सोहळा तेव्हाच सुरू होतो.

उत्तर ध्रुवावर वर्षातून एकदाच सूर्यास्त होतो आणि बिंब पुरते बुडायला तीसेक तास लागतात, असे वाचल्यापासून माझे लक्ष तिकडे लागले आहे. तेवढा वेळ मला पुरावा, असा अंदाज आहे. फक्त थंडीत बॅटरी लवकर उतरते म्हणतात.

इतक्या खटपटीनंतर हाती लागलेले एकमेव बरे छायाचित्र मी दिवाणखान्यात लावले आहे. पाहुणे म्हणतात, “वा, काय सूर्योदय टिपलाय!” नुसत्या चित्रावरून उदय की अस्त हे ओळखता येत नाही, आणि पहाटे उठणारा म्हणून मिळणारा मान नाकारण्याइतका मी उद्धट नाही. कालच शेजारच्या आजोबांनी विचारले, “उद्या पहाटे चारला निघू या का? मलाही शिकवा.” मी हो म्हणून बसलो आहे.