‘नो सिम’ आलं की म्हणे कोड दाबा!

गेले आठ-दहा दिवस आमच्या घरातल्या झाडून सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. "नवीन अपडेटनंतर लाखो फोनमध्ये सिम एरर, कंपन्या मुद्दाम जुनी सिम बंद पाडतायत, अपडेट करू नका", आणि खाली पाच उपाय, लाल उद्गारचिन्हांसकट. मी नेहमीसारखं न वाचता पुढे गेलो असतो. पण परवा सांगलीच्या मावशीला फोन लावला तर उचलला कुणा बाप्याने, "कौन?" म्हणाला आणि ठेवून दिला. मावशी एकटी राहते, घाबरलोच. व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉल केला तर ही निवांत. "अरे सकाळपासून एकही फोन नाही बघ, कसं शांत शांत वाटतंय."

तर उपाय नंबर तीन. "*२१* दाबा, पुढे हा दहा आकडी नंबर, शेवटी #, सिम आतून रीस्टार्ट होईल." अहो, कसलं रीस्टार्ट? हा कॉल फॉरवर्डिंगचा कोड आहे. माझ्याकडे येणारा प्रत्येक कॉल त्या नंबरवर वळवा, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो जगात बहुतेक ठिकाणी तोच आहे. बरं, जरा डोकं चालवा, फोनला सिमच दिसत नसेल तर हा कोड नेटवर्कपर्यंत जाणार कुठून? म्हणजे सिम खरंच रुसलं असेल तर कोड चालणार नाही, आणि कोड चालला तर सिम ठणठणीत आहे. मावशीचं तेच झालं, ‘नो सिम’ आलं होतं, फोन बंद करून चालू केल्यावर रेंज आली होती, पण "परत नको जायला" म्हणून हिने कोड दाबून टाकला!

आणि कॉल वळले तर काय बिघडलं, ओटीपी तर मेसेजने येतो, असं म्हणणारे घरातच दोन निघाले. व्हॉट्सअ‍ॅप नवीन फोनवर टाकताना कोड कॉलवरूनही मागता येतो. तो कॉल तुमच्याकडे वाजतच नाही, थेट त्या बाप्याकडे जातो, आणि मग तुमच्या नावाने सगळ्या नातेवाइकांना "अर्जंट वीस हजार पाठव" सुरू. हे मी मनाचं सांगत नाहीये. अशाच *४०१* वाल्या कोडचा गैरवापर इतका वाढला की दूरसंचार विभागाने कंपन्यांना ती यूएसएसडी (म्हणजे * आणि # वाले कोड दाबून चालणारी) फॉरवर्डिंगची सोय १५ एप्रिल २०२४ पासून बंदच करायला लावली. तरी मावशीचा कॉल वळलाच, तेव्हा सरकारने बंद केलंय म्हणून निर्धास्त राहू नका. दाबून बसला असाल तर ##००२# दाबा, सगळी फॉरवर्डिंग जातात, *#२१# ने खात्री करा, व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप पिन लावा आणि पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३०.

आता अपडेटचं. इथे नाइलाजाने अर्धं मान्य करतो. अपडेटने नेटवर्क गेल्याची उदाहरणं आहेत, २०१४ मध्ये अ‍ॅपलच्या ८.०.१ ने आयफोन ६ ची रेंजच उडवली होती, तासाभरात मागे घ्यावं लागलं आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून दिलं. पण दुरुस्ती आली कशातून? पुढच्या अपडेटमधूनच ना! अपडेट बंद ठेवून बसलात तर बिघाडही तुमचा आणि सिक्युरिटीची भोकंही तुमचीच. दोन-चार दिवस थांबून करा, एवढं ठीक. आणि ५जी साठी जुनं सिम बंद पाडतायत हे तर साफ खोटं, ४जी सिमवरच ५जी चालतं हे कंपन्या २०२२ पासून सांगतायत.

टूथपेस्टने सिम घासा म्हणे. कोरडं, स्वच्छ खोडरबर हलक्या हाताने फिरवलं तर चालतं कधी कधी, पेस्ट नको, ती खरखरीत असते आणि ओलीही. पीयूके (लॉक झालेलं सिम उघडायचा कोड) मागितला तर "अंदाजाने टाकत राहा" हे मात्र भयंकर आहे, दहा वेळा चुकलं की सिम कायमचं गेलं, तो कोड कंपनीकडूनच घ्यायचा. फॅक्टरी रीसेट सगळ्यात शेवटी, आणि ई-सिम (फोनच्या आतच असलेलं, काढता न येणारं सिम) असेल तर ते पुसू का विचारतो तिथे डोळे उघडे ठेवा.

खरी परीक्षा एकच, ते सिम दुसऱ्याच्या फोनमध्ये घाला. तिथे चाललं तर दोष तुमच्या फोनचा, मग ट्रे, नेटवर्क सेटिंग रीसेट (फोटो जात नाहीत, वायफायचे पासवर्ड जातात), आणि *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) दिसत नसेल तर सरळ दुरुस्तीवाला. तिथेही नाही चाललं तर सिम कंपनीची गॅलरी, म्हणजे तिचं दुकान. तुम्ही काही न करता रेंज अचानक गेली आणि येतच नाही, तर आधी बँकेला फोन, कुणीतरी तुमच्या नावावर दुसरं सिम काढलेलं असू शकतं.

मावशीचं सिम काढून पाहिलं तर दुकानदाराने कधीकाळी कटरने कापून लहान केलेलं. जुनं कार्ड ०.७६ मिलिमीटर जाड, नॅनो (आताचं लहान सिम) ०.६७, ते ट्रेमध्ये तिरकं बसत होतं. अपडेटचा काडीचा संबंध नाही. गॅलरीतून नवीन घेतलं. त्याच नंबरचं सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, फसवणूक टाळायला, हे मी तिला दोनदा सांगितलं होतं.

रात्री फोन आला, "अरे, ओटीपी येत नाहीये, तो कोड दाबून बघू का परत?"