पोटाचा बँड ‘सगळ्यात नवा’ नाही: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

रत्नागिरी-मालवणकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘वजन उतरवायला पोटाला बँड बसवणं ही सगळ्यात नवी पद्धत. स्लीव्ह (जठर कापून लहान करण्याचं ऑपरेशन) जुनी झाली, आणि ती नको वाटली तर पूर्ववतही करता येते.’ दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

बँडला अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळाली आणि काही वर्षं त्याचा चांगलाच बोलबाला होता. जठराच्या वरच्या भागाभोवती सिलिकॉनचं कडं, कातडीखाली छोटा पोर्ट. त्यात सुईने सलाईन भरून कडं आवळायचं. जठर कापावं लागत नाही, म्हणून लोकांना ते पटलं. पण कडं सरकणं, जठरात रुतणं, वजन अपेक्षेइतकं न उतरणं यामुळे अनेकांचे बँड काढावे लागले. आता तो क्वचितच बसवतात. अमेरिकेत २०१३ च्या सुमारास स्लीव्हने आघाडी घेतली. तिच्यात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात. तो परत जोडता येत नाही, हे कृपा करून नीट ध्यानात घ्या.

पोटाचा बायपास, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडणं, अजूनही होतो. स्लीव्हनंतर छातीतली जळजळ वाढू शकते, म्हणून ज्यांना ती आधीच जास्त आहे त्यांना बरेचदा बायपासच सुचवतात. त्यानंतर बी-१२, लोह, कॅल्शियम जन्मभर घ्यावं लागतं. ताटात रोज बांगडा असला तरी गोळ्या चुकवून चालत नाही.

मुंबईला किंवा कोल्हापूरला ऑपरेशनला जाणार असाल, तर गावी परतल्यावर रक्ततपासणी कुठे करायची आणि रिपोर्ट कोण बघणार, हे तारीख घेण्याआधीच विचारा.